भुजलीचा गहू

बाबा, ज्या गव्हाला मी इतकी वर्षं तुमचा शेवटचा क्रॉस, तुमच्या हातचा शेवटचा संकर म्हणत आले, त्याचा नर तुम्ही टॅगवर लिहिलात तो नाही. जानेवारीत मला हे कळलं. आता भादवा लागलाय, धानाच्या बांध्यांत पाणी तुंबून आहे, आणि तरी हे एक वाक्य लिहायला मला अख्खी सकाळ लागली. फोन आला तेव्हा मी गहू संशोधन फार्मच्या मागच्या प्लॉटमध्ये दवाने गुडघ्यापर्यंत ओली होऊन उभी होते. प्रयोगशाळेतली मुलगी बोलत होती, वयाने माझ्या भाचीएवढी, आवाजात नेहमीची घाई. "मॅडम, मादी बरोबर आहे. नर जुळत नाही." मी विचारलं, थोडाफार जुळत नाही की अगदीच? ती म्हणाली, "थोडंफार नाही हो मॅडम. तो त्या घरचाच नाही." मी फोन बंद केला आणि समोरच्या ओळीकडे बघत राहिले. ओंब्या नुकत्याच पोटरीतून बाहेर डोकावत होत्या. कालपर्यंत मी त्यांना तुमची नातवंडं असल्यासारखं जपत होते. त्या क्षणी त्यांच्यातली एकही मला ओळखीची वाटेना.

तुम्ही गेल्यावर आमच्या कामात ही नवी सोय आली. कोवळं पान खुडून पाठवलं की त्याच्या पेशींतल्या खुणा वाचता येतात. आईकडून काय आलं, बापाकडून काय आलं, सगळं उघडं पडतं. नवा वाण म्हणून एखाद्या गव्हाची शिफारस करायची असेल तर आता ही ओळख सोबत जोडावी लागते. मी तीन पाकिटं पाठवली होती, आपला गहू, त्याची मादी आणि त्याचा नर. माझ्या दृष्टीने तो सोपस्कार होता. कुणी स्वतःच्या घराचा पत्ता खरा आहे का ते बघायला जातं का?

हा गहू माझ्यासाठी काय होता हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही, कारण तो उगवला तेव्हा तुम्ही नव्हता. मी फार्मवर रुजू झाले त्या वर्षी बियाणं ठेवायच्या कपाटात, मागच्या कप्प्यात, तुमच्या अक्षरातलं एक लहान पाकीट सापडलं. आत तुमचा टॅग आणि मूठभरसुद्धा नाहीत एवढे सुरकुतलेले दाणे. क्रॉसची यादी देणाऱ्या पैदासकार साहेबांची बदली झाली, तुम्ही गेलात, कुणी ते पेरलंच नव्हतं. मी पेरलं आणि दोनच दाणे उगवले. त्या दोन रोपांच्या पोटी पुढच्या पिढीत भावंडांची जत्रा भरली. कुणी उंच, कुणी बुटकं, कुणाला फुटवे फार पण ओंबी आखूड, कुणाची ओंबी लांब पण दाणा पोचट. त्यांतून दरवर्षी निवडत निवडत मी या एका ओळीपर्यंत आले. दिसायला ती साधीच आहे, फुटवेही बेताचे. पण आपल्याकडे धान निघायलाच उशीर होतो, मग गहू मागाहून पेरला जातो, आणि दाणा भरायच्या वेळी गरम वारा सुटतो. बाकीच्या ओळींचा दाणा तेव्हा चिमतो. या ओळीची पानं वाळतात, तरी ती कांडीत साठवलेलं सगळं दाण्यात उतरवत राहते. हजार दाण्यांचं वजन करताना काट्यावर तिचं पाकीट ठेवलं की मला दरवर्षी तुमची आठवण व्हायची. यंदा श्रावणातल्या बैठकीत तिची वाण म्हणून शिफारस व्हायची होती. आपल्या गावचे, आसगावचे लोकही विचारत होते, बाई, तो गहू कधी देता?

मी पुन्हा पानं पाठवली. या वेळी स्वतः खुडली, पाकिटांवर स्वतः लिहिलं. उत्तर तेच आलं. फार्मवर निंदणाला येणारी एक म्हातारी बाई आहे, तुमच्या वेळी ती नवी नवरी होती. माझं तोंड पाहून तिने काय झालं ते काढून घेतलं आणि खुरपं हातात तसंच धरून हसायला लागली. "काय वो म्याडम, मानसाचा बाप कोनी तपासत नाही, अन् तुमी गव्हाचा तपासून राहिल्या! घरं मोडान गव्हाची." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. पण प्लॉटच्या धुऱ्यावरून, त्या मातीच्या बांधावरून परतताना मी एकेक पाकीट आठवत होते. चूक कुठे झाली असेल? कपाटात पाकिटं उलटसुलट झाली का? माझ्या हातून पेरताना सरमिसळ झाली का? प्रयोगशाळेवर संशय घेतला, स्वतःवर घेतला, कपाटातल्या उंदरांवरसुद्धा घेतला. तुमच्यावर घेतला नाही. तो विचार दारापर्यंतही आला नाही.

कारण तुम्ही कसे काम करायचात ते माझ्या डोळ्यांपुढे आहे. कोणत्या मादीला कोणता नर ही यादी साहेबांची, हात तुमचे. तुम्ही धुऱ्यावर पाट टाकून बसला आहात, डोक्याला दुपट्टा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. निवडलेल्या ओंबीची टोकं कात्रीने छाटता, मग चिमट्याने एकेका फुलातले तीन हिरवे परागकोश उचलता, एकही फोडायचा नाही, एकही मागे राहता कामा नये. मग ओंबीवर बटर पेपरची पिशवी, पिशवीला टाचणी, कांडीला टॅग. दोन-तीन दिवसांनी फूल तयार झालं की नराची ओंबी आणून पिशवीत फिरवायची आणि पुन्हा तोंड बंद. घरी आल्यावरही तुमच्या नखांत पिवळी भुकटी असायची. आई म्हणायची, हात धुवा आधी, वरणात गहू उगवन. फार्मच्या क्वार्टरमध्ये आपलंच एक घर असं होतं, जिथे मिठाच्या बरणीलाही लेबल होतं.

आणि मग तो फेब्रुवारी. मी कृषी महाविद्यालयात शिकत होते आणि चार दिवसांसाठी घरी आले होते. तुमच्या शेजारी बसून मीही ओंब्या करत होते, आणि एका टॅगवर मी मादीच्या जागी नर लिहिला आणि नराच्या जागी मादी. साधी गडबड, खोडून नीट करता आली असती. तुम्ही तो टॅग हातात घेतला, वाचला, आणि ओंबीसकट कांडी उपटून फेकून दिलीत. बायामाणसं बघत होती. "कॉलेजात का फक्त मेसचे डबे खाऊन राहिली तू?" तुम्ही असे ओरडलात की पलीकडच्या प्लॉटमधला माणूस उभा राहिला. "टॅग म्हणजे जबान हाय. गहू बोलत नाही, त्याच्या वतीनं आपण बोलतो. तिथं खोटं लिहिलं तं समदं खोटं." संध्याकाळी तुम्ही माझ्याबरोबर जेवलाही नाहीत. आई चुलीपाशी भांडी आदळत होती. तुमच्यापुढे ताट ठेवताना ती म्हणाली, "हो, शिकवा. पोरीले शिकवा." मला तेव्हा वाटलं, ती माझी बाजू घेते आहे. चौथ्या दिवशी मला एसटीवर सोडायला आलात. गाडी सुटायच्या वेळी खिडकीतून रुमालाची पुरचुंडी दिलीत. आत तुमचा चिमटा, टोकं कानशीने घासून बारीक केलेला. "राहू दे तुह्याजवळ. माह्या डोळ्यायले आता दिसत नाही." त्या चार दिवसांवर मी माझं आयुष्य उभं केलं, बाबा. चुकले म्हणून रागावले, विश्वास ठेवला म्हणून चिमटा दिला, असा अर्थ मी लावला. मी जी काटेकोर बाई झाले, जिची विद्यार्थ्यांना धास्ती वाटते, ती त्या धुऱ्यावर झाले.

आई आता जवाहरनगरला भावाच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहते. फेब्रुवारीत एका रविवारी मी तिच्याकडे गेले. भाऊ फॅक्टरीच्या बसने सकाळीच ड्युटीवर गेला होता. आई मागच्या वाडीत, परसात होती, नहाणीच्या पाण्याच्या नालीजवळ, तिच्या गव्हापाशी. तो वाफा मला जन्मापासून माहीत आहे, म्हणूनच मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. श्रावणात परड्यांत माती भरून भुजली पेरायची, अंधाऱ्या खोलीत पिवळीधम्मक वाढवायची, राखीच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत तलावावर नेऊन शिरवायची, पाण्यात सोडायची, आणि घरी आणलेल्या काड्या मोठ्यांना देऊन पाया पडायचं. त्या एका दिवसासाठी आई आपल्या माहेरून, नाकाडोंगरीहून, आणलेला गहू धरून आहे. जिथे राहिली तिथे वाडीत हातभर वाफा. आसगावला धान मळून झालं की मग तिला उसंत मिळायची, त्यामुळे हा गहू नेहमी सगळ्यात शेवटी पेरला जायचा. बारीक दाणा देवीला चालत नाही म्हणून ती भरलेल्या ओंब्याच बियाला ठेवायची. मी गहू शिकले, गव्हात पदवी घेतली, गव्हाच्या नोकरीला लागले, आणि या वाफ्याला मात्र आम्ही घरात "आईची भुजली" म्हणत राहिलो. तो गहूही आहे, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही.

त्या दिवशी मी नुसती उकिडवी बसले होते, आई वाफ्यातलं गवत काढत होती. पानाचं पातं कांडीला जिथे बिलगतं तिथे दोन बारीक कान असतात. त्या कानांवर जांभळी झाक होती. माझ्या ओळीच्या कानांवर अशीच झाक येते. टॅगवरच्या दोन्ही पालकांत ती नाही. मी दरवर्षी ती पाहायचे आणि थंडीने येत असेल असं सोयीस्कर समजून पुढे जायचे. मी दुसरं रोप पाहिलं. तिसरं पाहिलं. मग आईला विचारलं, आणि मला वाटलं होतं मी सहज विचारलं, पण तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आई, बाबांनी कधी हा गहू फार्मवर नेला होता का?"

"नेला होता का म्हंते!" आई म्हणाली. "भांडलो होतो ना आम्ही त्याच्यापायी. तू आली होतीस तेव्हा. तुह्या नजरेसमोर तं भांडे आपटून राहिली होती मी."

"काय झालं होतं?"

"काय होते? गरम वारा सुटला लवकर. साहेब गेल्ते पोरीच्या लग्नाले. तुह्या बाबानं ओंब्या समद्या रिकाम्या करून ठेवल्या पिशवीत, अन् पाहाले गेले तं नर संपला. भुकटी उडून गेली, नुसते फोलपटं. दुपारी घरी आले, जेवले नाही. म्हणे, बिनबापाच्या ओंब्या तशाच वाळतीन आता. म्या म्हणलं, वाळू द्या, कायले जीव जाळता, सरकारच्या ओंब्या हायेत. तं बसले तिथं, फार्मच्या क्वार्टरातल्या नहाणीच्या दगडावर. अन् माहा गहू तेव्हा ऐन फुलावर."

"मग?"

"मंग का! तोडल्या माह्या ओंब्या. म्या म्हणलं, ते भुजलीचं बी हाय, हात लावू नोका, देवीचं हाय ते. तं कसे म्हणे मले, देवीले एक साल कमी चालते, ह्या ओंब्यायले उद्या नाही चालत." आई हसली, मग गवताची जुडी झटकत म्हणाली, "त्या सालची भुजली इतकी विरळ झाली, बाया हसल्या मले तलावावर. पंधरा दिवस धड बोलली नाही मी त्यायच्याशी."

मी विचारलं, टॅग? टॅग का बदलला नाही? "बदलतो म्हणे साहेब आले का. त्यायले सांगून बदलतो. साहेब आले नाहीत, त्यायची बदलीचीच चिठ्ठी आली. मंग नवीन साहेबाले कोन सांगते? राहून गेलं." आणि मला कधी का सांगितलं नाहीस, या प्रश्नाला ती खरोखर चकित झाली. "तू कधी विचारलं? मले का मालूम, त्याचा गहू झाला म्हणून. म्या समजलं, वाळल्या असतीन."

बाबा, मी तिथेच मातीत बसले. आई म्हणाली, उठ, साडी खराब होते. आधी माझ्या डोक्यात फक्त गहू होता: अस्संच असणार, उशिरा पेरलेला, वर्षानुवर्षं उन्हाच्या तोंडी वाढलेला, भरल्या ओंब्यांचा निवडलेला, म्हणून तर माझ्या ओळीचा दाणा चिमत नाही, तो गुण इथून आला. पैदासकाराचं डोकं असं निर्लज्ज असतं, बाप खोटा निघाला तरी आधी गुण मोजतं. आणि मग हळूहळू दुसरं सगळं वर आलं. तो फेब्रुवारी. तुम्ही मला धुऱ्यावर रागावलात तेव्हा तुमच्या मागच्याच ओळीत, पिशव्यांखाली, तुमचे स्वतःचे खोटे टॅग लटकत होते. टॅग म्हणजे जबान हाय, हे तुम्ही कुणाला सांगत होता? त्या रात्री आईने ताट ठेवताना "पोरीले शिकवा" म्हटलं ते माझ्यासाठी नव्हतंच, ते तुमच्यासाठी होतं. तिला सगळं माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, आणि मी मध्ये बसून भात खात होते. आणि चिमटा. तुमचे डोळे तर त्यानंतरही कितीतरी वर्षं वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचत होते. त्या हंगामानंतर तुम्ही क्रॉसिंगला पुन्हा बसला नाहीत, आणि मी समजत होते तुम्ही मला वारसा दिला. तुम्ही तर हातातलं काम खाली ठेवलं होतं. ते ठेवायला जागा सापडली ती माझी ओंजळ.

कित्येक दिवस मला तुमचा राग आला. माणूस मेल्यावर त्याच्यावर रागावायची सवय मोडलेली असते, त्यामुळे तो राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. चिमट्याची डबी उघडली की यायचा, चिमटा हातात घेतला की यायचा. मी वाफ्यातली पानं खुडून पाठवली, आणि तोंडावर पदर धरून गावातली बातमी ऐकावी तशी उत्तराची वाट पाहिली. खुणा जवळजवळ सगळ्या जुळल्या. प्रयोगशाळेतली मुलगी खुशीत होती. "मॅडम, सापडला! कुठे होता?" मी म्हटलं, जवाहरनगरला, नहाणीमागे. तिला वाटलं मी थट्टा करते.

आता प्रश्न बैठकीचा होता. माझ्याहून ज्येष्ठ असे एक पैदासकार आहेत, तुम्हाला ओळखायचे, तुमच्याबद्दल आदराने बोलतात. मी त्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बाई, एक सुचवतो. नराच्या रकान्यात 'अज्ञात, वाऱ्याने आलेला पराग' असं लिहा. असं होतं कधीकधी, कुणी विचारणार नाही. यंदाच वाण निघेल. कशाला त्या भल्या माणसाचं नाव मध्ये आणता?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वारा असतोच. पण पिशवी बांधलेल्या ओंबीत वारा शिरत नाही, आणि तुमची पिशवी कधी सैल नसायची. मी तसं लिहिलं असतं तर त्याचा अर्थ झाला असता की तुमच्या हातची टाचणी निसटली. खोटं लिहिलं तरी तुमची चूक, खरं लिहिलं तरी तुमची चूक. फरक इतकाच की एका चुकीत तुम्ही निष्काळजी ठरत होता, आणि दुसरीत तुम्हाला रिकामी ओंबी बघवत नव्हती. एकीकडे आसगावच्या लोकांना पुढच्याच हंगामात मिळणारा गहू, दुसरीकडे पुन्हा चाचण्यांची वर्षं. मी आठवडाभर तो रकाना मोकळा ठेवून फिरले. शेवटी लिहिलं: आईच्या वाडीतला स्थानिक गहू, भुजलीसाठी राखलेला.

बैठकीत अध्यक्षांनी तो रकाना मोठ्याने वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हे कुणाच्या आईच्या वाडीतला?" मी म्हटलं, माझ्या. मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. "आणि हा क्रॉस कुणी केला?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी, साहेबांची यादी बाजूला ठेवून. सगळं सांगितलं, गरम वारा, संपलेला नर, टॅग तसाच राहिलेला. हसणं थांबलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे नोंद खोटी, आणि गहू चांगला." मग त्यांनी कागद बंद केला. यंदा शिफारस नाही. खऱ्या पालकांसह पुन्हा नोंद करा, तो स्थानिक गहूही सोबत पेरा, चाचण्या पहिल्यापासून. जेवणाच्या वेळी ते ज्येष्ठ पैदासकार माझ्याजवळ आले. ताटातली जिलेबी त्यांनी माझ्या ताटात ठेवली आणि निघून गेले.

परतताना मी जवाहरनगरला उतरले. आई परड्यांना पाणी शिंपडत होती, राखी चार दिवसांवर होती. तिने विचारलं, "निघालं का त्यायचं नाव तिथं?" मी म्हटलं, निघालं. "शिव्या देल्ल्या का?" नाही, हसले. "हसू दे," आई म्हणाली. "मले हसल्या होत्या ना बाया तलावावर, त्यायच्यापायी. आता त्यायची पाळी." आणि परडीवरचं फडकं बाजूला करून मला दाखवत म्हणाली, "हे पाह. यंदाची भुजली पाह कशी आली. सरळ, दाट, एकसारखी. बुढी झाली तरी हात गेला नाही माहा अजून." खरंच सुंदर आली होती. राखीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ती तलावावर नेली, आईने गाणं म्हटलं, बायकांनी तिची परडी हातात घेऊन बघितली आणि बी मागितलं. मी दोन पिवळ्या काड्या धुऊन घरी आणल्या. तुमच्या फोटोपुढे ठेवायच्या होत्या, पण त्या माझ्या पर्समध्येच वाळल्या.

हा कागद मी कुठे पाठवणार? चिमट्याच्या डबीखाली ठेवीन. एकच गोष्ट राहिली. फेब्रुवारीपासून मी आईच्या गव्हाची पानं खुडली, पुढे नव्या चाचण्या लागतील म्हणून ओंब्याही तोडून आणल्या, आणि तिच्या डब्यात भुजलीपुरतं बी उरलं नाही. ते तिच्या ध्यानात यायच्या आधी, श्रावणात परड्या पेरायच्या आधीच, मी आपल्या ओळीचे दाणे आणून त्या डब्यात ओतले. परडीला टॅग नसतो. तिला मी सांगितलेलं नाही, बाबा. तुम्हीही सांगू नका.